मागच्या बांकावरचें मूल

परभणी जिल्ह्यांतील एखाद्या शाळेंत मागच्या बांकावर बसलेलें, विचारलें तरी उत्तर न देणारें मूल दिसलें, कीं त्यास 'मठ्ठ' म्हणून आपण मोकळे होतों. पण त्याला ऐकूंच कमी येत असेल तर? अक्षरें वाचतांनाच त्याचा गोंधळ उडत असेल तर?

अशी अडचण शक्य तितक्या लवकर ओळखून शिकविण्याची रीत बदलावी, हें कर्तव्य २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें शाळांवर टाकलें आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्कहि त्यानें दिला आहे. 'समग्र शिक्षा' योजनेखालीं तालुक्याच्या गटसाधन केंद्रांतील विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. ज्या मुलास घराबाहेर पडवत नाहीं, त्याला घरीं जाऊन शिकवितात.

तथापि विशेष शिक्षक अधूनमधूनच येणार. रोजचा आधार वर्गशिक्षकांचाच. पुढची जागा, ओठ दिसतील असें सावकाश बोलणें, फळ्यावर ठळक अक्षर, परीक्षेंत अधिक वेळ किंवा लेखनिक, एवढ्यानेंहि पुष्कळ साधतें. म्हणून घरांत शंका आल्यास लाज न धरतां डॉक्टरांकडून मुलाची तपासणी करवावी आणि वर्गशिक्षकांस स्पष्ट सांगावें. आपण वाट पाहूं तितकें मूल मागें पडत जाईल.