मेंदूचा काठ

तुम्ही मेहकर तालुक्यातील डोणगावात राहता असे धरू. डोळे मिटा आणि एस.टी.च्या थांब्यापासून शाळेपर्यंतची वाट मनातल्या मनात चाला. कोठे वळायचे, कोणते झाड आधी लागते, सारे आठवले ना? अशा वाटा लक्षात ठेवण्यात मेंदूतील एका लहानशा भागाचा मोठा वाटा असतो. त्याचे नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा. सोळाव्या शतकात अरान्झी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला त्याचा आकार तसा वाटला, इतकेच!

हा भाग मेंदूत नेमक्या जागी कसा तयार होतो? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९९ साली रुजू झालेल्या डॉ. शुभा टोळे यांनी हाच प्रश्न हाती घेतला. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत कॅलटेक व शिकागो, असे त्यांचे शिक्षण व सुरुवातीचे संशोधन झाले. गर्भाचा मेंदू प्रारंभी पेशींची साधी चादर असतो. तिच्या कडेला एक अरुंद पट्टी असते. शास्त्रज्ञ तिला शिवलेल्या कापडाच्या काठाचेच नाव देतात. उंदराच्या गर्भात काही पेशींमधून एलएचएक्स-२ हे जनुक काढले, तेव्हा त्या पेशी भलत्याच ठिकाणी 'काठ' बनल्या, आणि शेजारच्या धडधाकट पेशी हिप्पोकॅम्पस बनू लागल्या. एकाच मेंदूत अनेक ठिकाणी! मात्र जनुक फार लवकर काढले तरच हे घडते. मुदत टळली की नाही. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये डॉ. टोळे यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेबाहेरही त्या विद्यार्थ्यांना व सामान्य श्रोत्यांना मेंदूची घडण समजावून सांगत आल्या आहेत. त्यांच्याच संस्थेने २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' या नावाने रविवारच्या गप्पा सुरू केल्या. जुहूच्या पृथ्वी थिएटरात चहा घेत कोणीही शास्त्रज्ञाला प्रश्न विचारावा. संस्था सरकारी पैशावर चालते, तेव्हा हा लोकांचा हक्कच म्हणायचा.

पण सोपे सांगणे सोपे नसते, बरे का! काठाचीच उपमा घ्या. लुगड्याचा काठ गुपचूप कडेला बसतो; मेंदूचा काठ शेजाऱ्यांना हुकूम सोडतो. उपमा कोठे संपते हे सांगितले नाही, तर ऐकणारा चुकीचेच घेऊन घरी जातो. शिक्षकांनी वर्गात हा धडा घेताना मुलांनाच विचारावे, उपमा कोठे तुटते? आणि एखादी चौकस मुलगी उलट विचारील, "गुरुजी, हे उंदराचे झाले, माणसाचे काय?" तिला गप्प बसवू नका. शास्त्रज्ञही तेच शोधत आहेत.