सोमल सापडला, पुढे काय?

‘नियमांना हरताळ फासला’ असे आपण सहज बोलून जातो. हा हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे एक खनिज. जुन्या काळी पोथी लिहिताना चूक झाली, की त्या अक्षरांवर हरताळ फासून ती बुजवून टाकत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. त्याच कुळातला दुसरा पदार्थ म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिकचे ऑक्साइड. अक्षरे नाहीशी करायला हरताळ आणि माणसे नाहीशी करायला सोमल, अशी या दोघांची ख्याती!

सोमल ही पांढरी भुकटी असते. तिला चव नाही, वास नाही. एके काळी उंदीर मारण्यासाठी ती दुकानात सहज मिळे. ती पोटात गेली की उलट्या आणि जुलाब सुरू होत, आणि पाहणाऱ्यांना वाटे, पटकीची लागण झाली. मग विषप्रयोगाचा संशय आला, तरी तो न्यायालयात सिद्ध कसा करायचा? या प्रश्नाच्या पाठपुराव्यातून न्यायसहायक विज्ञानाची एक महत्त्वाची शाखा, विषशास्त्र, वाढीस लागली. ‘व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी पाठवला आहे’ हे वर्तमानपत्रातले वाक्य आपल्या परिचयाचे आहे. आपल्या देशात अशा तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळा १८४९ साली मद्रासला निघाली आणि पुढे कलकत्ता, आग्रा व मुंबई येथेही अशा प्रयोगशाळा सुरू झाल्या.

पण शरीरात विष सापडले, म्हणजे विषप्रयोग सिद्ध झाला का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दोन गाजलेल्या प्रकरणांच्या आधारे तो तपासून पाहू या.

न टिकलेला पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर आपल्या आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा आरोप होता. तपासणीचे काम जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाकडे आले. त्याने संशयित द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला. पिवळा अवक्षेप मिळाला. हा अवक्षेप म्हणजे आर्सेनिक सल्फाइड, म्हणजेच आपला हरताळ! परंतु न्यायालयात दाखवेपर्यंत तो अवक्षेप खराब झाला. पंचांची खात्री पटली नाही आणि आरोपी सुटला. पुढे त्याने गुन्ह्याची कबुली दिली, असे सांगतात.

मार्शला हे अपयश फार लागले. पंचांना डोळ्यांनी दिसेल आणि टिकून राहील असा पुरावा त्याला हवा होता. १८३६ साली त्याने नवी कसोटी प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व शाळेतल्या प्रयोगांवरून समजण्यासारखे आहे. जस्तावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकले की हायड्रोजन निघतो. त्या मिश्रणात संशयित पदार्थ घातला आणि त्यात आर्सेनिक असले, तर ते हायड्रोजनशी संयोग पावते आणि आर्सीन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पेटवून ज्योतीत चिनी मातीची थंड बशी धरली, की बशीवर आर्सेनिकचा काळसर, चकाकणारा डाग पडतो. मिलिग्रॅमच्या अगदी लहान अंशाइतके आर्सेनिकही अशा रीतीने ओळखता येई. (आर्सीन अत्यंत विषारी आहे. म्हणून हा प्रयोग वर्गात कधीही करू नये.)

अँटिमनीचाही असाच डाग पडतो. मग दोघांतला फरक कसा ओळखायचा? सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात आर्सेनिकचा डाग विरघळतो, अँटिमनीचा विरघळत नाही. म्हणजे डाग पडला एवढ्यावर थांबून चालत नाही.

कबरीभोवतालची माती

या कसोटीची खरी परीक्षा १८४० साली फ्रान्समध्ये झाली. शार्ल लाफार्ज या लोखंडाच्या कारखानदाराचा जानेवारीत मृत्यू झाला. पत्नी मारी हिने त्याला सोमल दिला, असा आरोप ठेवण्यात आला. घरात उंदीर झाले आहेत म्हणून तिने सोमल विकत आणला होता, हे खरेच होते. तुल गावच्या न्यायालयात सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला. घरातल्या खाद्यपदार्थांत आर्सेनिक सापडले. पण मृताच्या शरीराविषयी स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. मार्शची कसोटी नाजूक होती आणि ती करणाऱ्यांचा हात अजून बसलेला नव्हता.

अखेर पॅरिसहून मातेओ ऑर्फिला यांना बोलावण्यात आले. विषशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाची तेव्हा युरोपभर ख्याती होती. स्थानिक तज्ज्ञांसमक्ष त्यांनी परीक्षा केली आणि शरीरात आर्सेनिक असल्याचे न्यायालयात सांगितले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे पुढचे म्हणणे. हे आर्सेनिक आम्ही वापरलेल्या रसायनांतून आलेले नाही. ते शवपेटीभोवतालच्या मातीतून आलेले नाही. आणि माणसाच्या शरीरात स्वभावतः असू शकेल असे आर्सेनिकही हे नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे प्रेताबरोबर त्यांनी मातीचीही परीक्षा केली होती आणि रसायनांचाही विचार केला होता.

मारीला जन्मठेप झाली. १८५२ साली तिची सुटका झाली आणि त्याच वर्षी ती वारली. शेवटपर्यंत ती आपण निर्दोष असल्याचेच सांगत होती. बचाव पक्षाने बोलावलेले रसायनतज्ज्ञ रास्पाय निकाल लागून गेल्यावर पोचले. वापरलेल्या जस्तातच आर्सेनिक असेल तर काय, अशी त्यांची शंका होती. या खटल्यावरून फ्रान्समध्ये दोन तट पडले आणि वाद पुढेही चालू राहिला. ज्यांचे म्हणणे पटेल त्यांची बाजू आपण घेऊ. पण दोन्ही तज्ज्ञ एकच प्रश्न विचारत होते, हे लक्षात ठेवू. सापडलेले आर्सेनिक आले कोठून?

नेपोलियनचे केस

आता दुसरे प्रकरण पाहू. नेपोलियन ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर इंग्रजांच्या कैदेत वारला. शवविच्छेदनात त्याच्या जठरात मोठा विकार आढळला होता. तरीही विषप्रयोगाची कुजबुज थांबली नाही. १९५०च्या दशकात त्याच्या सेवकाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यातली दुखण्याची वर्णने वाचून स्टेन फोर्शुफवुड या स्वीडिश दंतवैद्याला वाटले, ही तर सोमलाची लक्षणे!

सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुरावा मिळायचा कोठून? त्या काळी थोरांच्या केसांच्या बटा आठवण म्हणून जपून ठेवत. केसातील केराटिन या प्रथिनात गंधक असतो आणि आर्सेनिक त्याला घट्ट धरून बसते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे केस ही जणू रोजनिशीच. ती वाचण्याचे साधन अणुविज्ञानाने दिले. केस अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला, की नेहमीच्या आर्सेनिक-७५चे किरणोत्सारी आर्सेनिक-७६ बनते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २६ तास. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून आर्सेनिकचे प्रमाण मोजता येते. ग्लासगोच्या हॅमिल्टन स्मिथ यांनी अशी मोजणी केली आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक आजच्या माणसाच्या मानाने कितीतरी पट अधिक होते. विषप्रयोगाची बातमी जगभर पसरली.

१९८२ साली वेगळीच शक्यता पुढे आली. नेपोलियन राहत असलेल्या घराच्या भिंतीवरील कागदाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यातल्या हिरव्या रंगात आर्सेनिक आढळले. दमट हवेत अशा कागदावर बुरशी वाढली, तर ती आर्सेनिकचा विषारी वायू हवेत सोडू शकते. म्हणजे विष स्वयंपाकघरातून न येता भिंतीवरूनही येऊ शकते!

निर्णायक प्रयोग २००८ साली इटलीत झाला. पाविया येथील छोट्या अणुभट्टीत शास्त्रज्ञांनी केवळ सेंट हेलेनाचे केस तपासले नाहीत. नेपोलियनचे कॉर्सिकातल्या बालपणीचे, एल्बा बेटावरचे आणि मृत्यूच्या वेळचे, असे निरनिराळ्या काळांतले केस त्यांनी घेतले. शिवाय त्याची पत्नी जोसेफिन आणि त्याचा मुलगा यांचेही घेतले. सर्वांच्या केसांत आर्सेनिक आजच्या मानाने सुमारे १०० पट निघाले. आणि नेपोलियनच्या बालपणीच्या व शेवटच्या दिवसांच्या केसांत म्हणावा असा फरक नव्हता. त्या काळचे रंग, औषधे, उंदरांचे विष अशा अनेक वाटांनी आर्सेनिक सर्वांच्याच अंगात शिरत होते. शेवटच्या काळात कोणी मुद्दाम विष पाजल्याची खूण केसांत नव्हती. आज तज्ज्ञांचा कल जठराच्या कर्करोगाकडे आहे.

१९६१ची मोजणी चुकली नव्हती. चुकली होती ती तुलना. नेपोलियनच्या केसांची तुलना विसाव्या शतकातल्या माणसांशी झाली; ती व्हायला हवी होती त्याच्या काळातल्या माणसांशी. हा धडा जुना झालेला नाही. पश्चिम बंगालच्या काही जिल्ह्यांत भूजलातच आर्सेनिक आहे. तेथे कोणाच्या केसांत आर्सेनिक सापडले, तर घरच्यांवर संशय घेण्याआधी हातपंपाचे पाणी तपासावे लागेल. नाहीतर निरपराध माणूस तुरुंगात जाईल, आणि गावाला विष पाजणारे पाणी तसेच राहील.

हे वर्गात दाखवायला सोमल नको. दुधात पिठाची भेसळ आहे का, हे पाहण्यासाठी आपण थंड केलेल्या उकळलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकतो. निळा रंग आला की मुले ओरडतात, ‘भेसळ!’ अशा वेळी त्यांना विचारावे: परीक्षानळी स्वच्छ होती का? तिच्यात आधी भाताची पेज तर नव्हती ना? मग त्याच नळीत नुसते पाणी घालून आयोडीन टाकून पाहायला सांगावे. पाणीही निळे झाले, तर या परीक्षेवरून गवळ्याला दोषी ठरवता येणार नाही. ऑर्फिलांनी कबरीभोवतालची माती तपासली ती याचसाठी. ही सवय मुलांना शाळेतच लागली, तर पुढे त्यांच्यातला कोणी न्यायाधीश होवो, पोलीस होवो वा नुसता वर्तमानपत्राचा वाचक होवो, ‘सापडले’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतले अंतर तो विसरणार नाही, असे आम्हांला वाटते.