सालन तेच, तेल मोजून

अब्बांच्या हृदयात स्टेंट बसवून त्यांना घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहून दिली होती: ‘तेल-तूप कमी, मीठ कमी.’ आम्ही त्याचा अर्थ उकडलेला दुधी आणि मुगाची खिचडी असा घेतला. चौथ्या दिवशी अब्बांनी ताट बाजूला सारलं. “बेटा, हे आजाऱ्याचं खाणं अजून किती दिवस?” प्रश्न बरोबर होता. परहेज जन्मभराचं, तर जेवण जिभेलाही पटायला हवं.

मग आधी हिशेब केला. घरात माणसं पाच, महिन्याला पाच लिटर तेल संपायचं. म्हणजे माणशी रोज साधारण 30 ग्रॅम! बाहेरचे समोसे, दावतीची बिर्याणी वेगळीच. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 25 आणि बाईला 20 ग्रॅम वरचं तेल-तूप पुरे, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आली आहे. कुठलं तेल चांगलं यावर आपल्याकडे वाद खूप, पण शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं, मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतातच. आता सकाळीच सात मोठे चमचे तेल वाटीत काढून ठेवतो. दिवसभराचं तेवढंच.

सालनात तेल जातं ते मुख्यतः कांद्यात. बिरिस्ता तळायचं सोडलं. दोन चमचे तेलात कांदा, चिमूटभर मीठ, मंद आच, वर झाकण. तळाला लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा. वीसेक मिनिटांत छान तांबूस होतो. मसाला ‘तेल सुटेपर्यंत’ परतायचा, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं; पण तेलच कमी असेल तर सुटणार कुठून? आलं-लसणाचा कच्चा वास गेला, मसाला कढईच्या कडा सोडू लागला, की झालं. दही घालताना फेटून त्यात चमचाभर बेसन मिसळलं तर फाटत नाही.

मटणाचं काय, हे डॉक्टरांनाच विचारलं. आठवड्यातून एकदा, थोडं, चरबी काढून, असं ते म्हणाले. आम्ही रानाचा भाग आणतो. यखनी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असतो, तो खरवडून टाकायचा. पहिल्यांदा अर्धी वाटी निघाली, अम्मी बघतच राहिल्या. अशी घट्ट होणारी चरबी जास्त खाल्ली की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी उचलतं, आणि ते धमन्यांच्या भिंतींत साचत जातं. यखनीची चव मात्र कुठे जात नाही.

वनस्पती तूप बंदच केलं. जानेवारी 2022 पासून त्यात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, पण घट्ट चरबी राहतेच. खारी-नानखटाईलाही हेच लागू. (ही सवय सर्वात उशिरा सुटली, आमचीच.)

रमजानमध्ये खरी कसोटी. भजी आप्पेपात्रात करतो, शामी कबाब तव्यावर ब्रशने तेल लावून. तळलंच तर ते तेल दुसऱ्या इफ्तारला पुन्हा तापवत नाही. आणि तेल कमी केलं म्हणून अब्बांची गोळी बंद केलेली नाही. रोजे ठेवायचे की नाही, गोळ्या सहरीला की इफ्तारनंतर, हे महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारून घेतो.