अठ्ठाई, हरतालिका आणि यकृत

परीक्षानळीत पाचेक मिलिलिटर लघवी घ्यायची आणि विरघळेनासं होईपर्यंत तीत अमोनियम सल्फेट घालत जायचं. मग सोडियम नायट्रोप्रुसाइडचा बारीक खडा टाकायचा, नळी हलवायची, तिरपी धरायची आणि काचेच्या कडेनं अमोनिया हळूच सोडायचा. दोन थर मिळतात तिथे जांभळं कडं उमटलं की कीटोन आहेत. ही रोथेराची चाचणी. सुरतेतल्या उधन्याच्या एका छोट्या लॅबमध्ये रोजचं काम पट्टीवरच चालतं, पण मूळचे धुळ्याकडचे तंत्रज्ञ भाऊ शिकाऊ पोरांना नळी हातात घ्यायला लावतात. "डबी उघडी राहिली की पट्टी खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं.

गणेश चतुर्थीची सकाळ होती. सुरतेत बहुधा हाच दिवस जैनांच्या संवत्सरीचाही असतो. पहिला नमुना गोपीपुऱ्यातल्या एका काकींचा. अठ्ठाईचा, म्हणजे जैनांच्या आठ दिवसांच्या उपासाचा, शेवटचा दिवस, पोटात फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. दुसरा लिंबायतच्या एका मुलीचा. तिला लहानपणापासून टाईप-१ मधुमेह. आदल्या दिवशी तिनं हरतालिकेचा निर्जळी उपास धरला होता आणि रात्रीपासून तिला उलट्या सुरू होत्या. दोन्ही नळ्यांत गडद जांभळं कडं. वेगळेपण होतं ते साखरेच्या चाचणीत: काकींच्या लघवीत साखर नाही, मुलीच्या लघवीत भरपूर.

दोघींच्या यकृतात मात्र काम एकच चाललं होतं. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा साधारण १०० ग्रॅमचा, तो दिवसभरात संपत येतो. मग चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिडं रक्तात उतरतात. पण यकृताच्या मायटोकॉन्ड्रियात शिरून जळायचं आणि त्यातून कीटोन व्हायचे, तर लांब साखळीच्या फॅटी ॲसिडला बाहेरच्या आवरणावरचा सीपीटी-१ नावाचा एन्झाइम पार करावा लागतो. हा नाका समजा. त्यावरचा शिपाई म्हणजे मॅलोनिल-कोए. जेवण झालं, इन्सुलिन वाढलं की यकृत स्वतः चरबी बनवू लागतं, मॅलोनिल-कोए वाढतो आणि नाका बंद होतो. चरबी बनवायची आणि त्याच वेळी जाळायची, हा उधळेपणा यकृत करत नाही. डॅलसच्या मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी १९७७ साली हे दाखवून दिलं.

उपासात इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन चढतं, मॅलोनिल-कोए ओसरतो. तेवढ्यावर भागत नाही. उपाशी आणि मधुमेही उंदरांच्या यकृतात असंही दिसलं, की सीपीटी-१ वाढतो आणि उरलासुरला मॅलोनिल-कोएही त्याला फारसा अडवू शकत नाही. आत कीटोन घडवणारा एचएमजी-कोए सिंथेसही वाढतो. इन्सुलिन दिल्यावर साखर लवकर खाली येते, पण सीपीटी-१चा हा हट्ट सुटायला जास्त वेळ लागतो.

मग काकी ठणठणीत आणि मुलगी अत्यवस्थ, असं का? काकींच्या स्वादुपिंडातून थोडं का होईना इन्सुलिन झिरपत असतं. कीटोन वाढले की ते आणखी थोडं सुटतं आणि चरबी वितळण्याला लगाम बसतो. त्यांचा मेंदू बराचसा त्याच कीटोनवर चालतो. मुलीकडे लगामच नव्हता, म्हणून आम्ल कीटोन रक्तात साचत गेले. "खायचंच नाही तर सुई कशाला?" असं म्हणून तिनं इन्सुलिन घेतलं नव्हतं. तिच्या आईलाही ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायला ते पटण्यासारखंच आहे. पण ती सुई केवळ जेवणासाठी नसते. यकृताला आवरण्यासाठीही असते. भाऊंनी अहवाल छापण्याआधीच डॉक्टरांना फोन लावला. दुपारच्या आत मुलीला सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं.

आपल्याकडच्या साबुदाण्याच्या उपासाला तर यकृत उपास मानतच नाही. खिचडी, भगर, बटाटा म्हणजे मुख्यतः पिष्ट. इन्सुलिन चढतं आणि नाका बंदच राहतो. टाईप-२ मधुमेहात चित्र आणखी वेगळं असतं. इन्सुलिन बरेचदा जास्तच, यकृत चरबी बनवत राहतं, जाळणं मागे पडतं. सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' लिहून येतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आता स्वस्त झाल्यानं घरोघरी पोहोचल्या आहेत. त्या साखर लघवीवाटे काढून टाकतात. त्या चालू असताना कडक उपास केला, तर ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्त आम्ल होऊ शकतं. तेव्हा नवरात्र, पर्युषण किंवा रोजे धरण्याआधी गोळ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. टाईप-१ असेल तर इन्सुलिन मनानं बंद करू नका. आणि उपासात उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली, तर साखरेच्या आकड्यावर विसंबू नका. उपास सोडा, थेट दवाखाना गाठा आणि कीटोन तपासायला सांगा.