मोनाको ग्रां प्रीच्या काळात आलिशान मोटार कुठवर पोहोचते?

बंगळुरूचा कुश मैनी याने २४ मे २०२५ रोजी मोनाको येथे फॉर्म्युला टू मालिकेतील कमी अंतराची शर्यत जिंकली. तेथे या मालिकेत विजय मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. ही शर्यत प्रत्यक्ष पाहण्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे तिकिटाइतकाच मोठा प्रश्न असतो तो तेथे पोहोचण्याचा. चालकासह आलिशान मोटार भाड्याने घेतली की हा प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. मोनाकोत मात्र हा समज फार काळ टिकत नाही.

याचे कारण तेथील भूगोलात आहे. मोनाकोचे क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस किलोमीटर असून १९२९ पासून ही शर्यत शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवरच होते. ३.३३७ किलोमीटरचा हा मार्ग बंदराला आणि कॅसिनोच्या परिसराला वळसा घालतो. शर्यतीच्या मोटारी त्यावरून ७८ फेऱ्या मारतात. पाहुणे ज्या नामांकित हॉटेलांत उतरतात, त्यांपैकी काही याच मार्गाच्या काठावर आहेत. सराव, पात्रता फेरी आणि प्रत्यक्ष शर्यत यांसाठी हे रस्ते वाहतुकीला बंद केले जातात आणि सायंकाळी पुन्हा खुले होतात. त्यामुळे मोटार कोणत्याही किमतीची असली, तरी दिवसा ती हॉटेलच्या दारापर्यंत जाऊ शकत नाही. पाहुण्यांना बंद क्षेत्राबाहेर उतरून उरलेले अंतर पायी कापावे लागते. शहर डोंगरउतारावर वसलेले असल्याने तेथील सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने अशा वेळी मोटारीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. उंच टाचांची पादत्राणे घालून आलेल्यांना हे सहसा उशिरा कळते.

मोनाकोला स्वतःचा विमानतळ नाही. सर्वात जवळचा विमानतळ फ्रान्समधील नीस येथे असून रस्त्याने हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. एरवी पाऊण तासात होणारा हा प्रवास शर्यतीच्या दिवशी किती वेळ घेईल, याची खात्री कोणताही जाणता चालक देत नाही. महामार्गाखेरीज समुद्रकाठाने आणि डोंगरातून जाणारे तीन जुने रस्ते आहेत. परंतु ते अरुंद व वळणावळणाचे आहेत आणि मोनाकोत शिरताना सर्वच वाहनांची कोंडी होते. हेलिकॉप्टरने हेच अंतर सुमारे ७ मिनिटांत पार पडते. हेलिकॉप्टर तळ फाँव्हिएय या भागात, शर्यतीच्या मार्गाबाहेर आहे. नीसहून रेल्वेने साधारण २५ मिनिटे लागतात आणि मोनाकोचे भूमिगत स्थानक शर्यतीच्या मार्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गर्दी सोसण्याची तयारी असेल, तर शर्यतीच्या सकाळी रेल्वेचा प्रवासी आलिशान मोटारीतील पाहुण्याच्या आधी आपल्या जागेवर बसलेला असण्याची शक्यता बरीच असते.

मग मोटारीचा उपयोग काय? सामानासह विमानतळावरून येणे, रात्रीच्या भोजनाला जाणे आणि शर्यतीनंतर बाहेर पडणे यांसाठी ती सोयीची ठरते. मात्र करार नेमका कशाचा आहे, हे आधी पाहणे आवश्यक असते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचे भाडे आणि मोटार दिवसभर दिमतीला ठेवण्याचे भाडे यांत मोठा फरक असतो. पहिल्या प्रकारात पाहुण्यांना सोडल्यावर चालक पुढील आरक्षणासाठी निघून जातो. दुसऱ्यात तो थांबतो, परंतु थांबण्याची जागा कित्येकदा शहराबाहेर असते. प्रतीक्षेचा दर, विमानाला विलंब झाल्यास लागणारी जादा रक्कम, आरक्षण रद्द केल्यास परताव्याची अट आणि उतरण्याचे व परत बसण्याचे नेमके ठिकाण या गोष्टी लेखी असाव्यात. ‘हॉटेलपर्यंत सेवा’ एवढाच उल्लेख असेल, तर कोणत्या वेळेत, हे विचारणे इष्ट.

परवान्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. फ्रान्समध्ये चालकासह मोटारसेवा देणाऱ्यांना विशेष व्यावसायिक ओळखपत्र घ्यावे लागते. अशी मोटार केवळ पूर्वआरक्षणावरच चालते; रस्त्यात हात दाखविणाऱ्या प्रवाशाला घेण्याची तिला मुभा नाही. मोनाको हे स्वतंत्र संस्थान असल्याने त्याच्या हद्दीत प्रवासी घेण्यासाठी फ्रान्सच्या परवान्याखेरीज तेथील परवानगीही लागते. परिणामी, सकाळी पाहुण्यांना रीतसर सोडून गेलेली मोटार सायंकाळी त्यांना घेण्यासाठी आत येऊ शकेलच असे नाही. घाईत स्वस्त सेवा ठरविणाऱ्यांची अडचण बहुधा येथेच होते, आणि तीही परतीचे विमान काही तासांवर आलेले असताना.

मोटारींच्या टंचाईला आणखी एक कारण होते. २०२५ मध्ये कान चित्रपट महोत्सव १३ ते २४ मे या काळात झाला आणि २५ मे रोजी मोनाकोची शर्यत झाली. एकाच किनारपट्टीवरील मोटारी व अनुभवी चालक यांना दोन्हीकडून मागणी होती. २०२६ च्या वेळापत्रकात शर्यत जूनच्या पहिल्या आठवड्यात नेण्यात आल्याने हा ताण कमी होण्यास वाव मिळाला.

चालकाच्या विश्रांतीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पहाटे विमानतळावर हजर असलेल्या चालकानेच मध्यरात्रीनंतर पाहुण्यांना डोंगरातील रस्त्याने परत न्यावे, अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे. दिवस मोठा असेल, तर दोन चालकांची तरतूद मागावी आणि तिचा खर्च मान्य करावा.

मुख्य शर्यत स्थानिक वेळेनुसार दुपारी ३ वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसहा वाजता सुरू होते. ती लवकर आटोपली, तरी रस्ते लगेच खुले होत नाहीत आणि हजारो प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडतात. त्यामुळे त्या रात्रीचे विमान टाळून सोमवारचे आरक्षण करणे अधिक सुरक्षित. त्याच रात्री निघणे भाग असेल, तर मोटार बंद क्षेत्राबाहेर ठरलेल्या ठिकाणी उभी करून तेथवर चालत जाण्याची तयारी ठेवावी लागते.