मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यावर: पहिल्या काही महिन्यांत काय कराल?

मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाल्यावर डॉक्टर त्यापुढे काय बोलले, हे बऱ्याच पालकांना आठवत नाही. घरी पोहोचल्यावर प्रश्न सुरू होतात. हा बोलेल का? शाळेत जाईल का? आमचं कुठे चुकलं? काही दिवस रडू येणं, राग येणं, निदानावर विश्वासच न बसणं स्वाभाविक आहे. मात्र मन सावरण्याची वाट पाहत मदत सुरू करणं लांबवू नका. दोन्ही गोष्टी सोबत चालू शकतात.

दोष कुणाचाच नाही

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता. यात मेंदूची जडणघडण वेगळ्या प्रकारे होते आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. आई नोकरी करते, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही किंवा मूल एकुलतं एक आहे, म्हणून ऑटिझम होत नाही. लसींमुळेही होत नाही. गोवराच्या लसीशी त्याचा संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे राहिलेल्या लसी वेळेवर द्या. घरात कुणी आईला बोल लावत असेल, तर बाबांनी तिथल्या तिथे थांबवावं. पुढची अनेक वर्षं जिला मुलासाठी उभं राहायचं आहे, तिचं बळ अशा बोलण्याने खचतं.

खरी थेरपी घरात होते

स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची मदत लवकर सुरू करा. पण थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून दोन-तीन तास असतं, बाकीचा वेळ ते तुमच्याजवळ असतं. म्हणून सत्र चालू असताना बाहेर थांबण्यापेक्षा आत बसू देण्याची विनंती करा आणि तेच घरी कसं करायचं ते शिकून घ्या.

• मुलाला पोळी हवी असेल तर ताट लगेच भरू नका. छोटा तुकडा द्या आणि थांबा. त्याने तुमच्याकडे पाहिलं, हात पुढे केला किंवा आवाज काढला, की लगेच पुढचा तुकडा द्या. 'मागितलं की मिळतं' हे कळणं ही संवादाची पहिली पायरी आहे.
• ते गाडीचं चाक फिरवत बसलं असेल तर हिसकावू नका. शेजारी बसा, तुम्हीही चाक फिरवा. आधी त्याच्या खेळात शिरा, मग त्यात एखादी नवी गोष्ट आणा.
• वाक्यं छोटी ठेवा: 'पाणी हवं?', 'बूट घाल'. बोलून झालं की मनात दहा आकडे मोजा. उत्तर यायला वेळ लागू शकतो.
• आंघोळ, जेवण, झोप यांची चित्रं क्रमाने भिंतीवर लावा. पुढे काय होणार हे कळलं की मूल शांत राहतं. चित्रं दाखवल्याने मूल बोलायचं थांबत नाही. उलट बोलण्याला आधार मिळतो.
• शाळेसाठी म्हणून घरची मराठी सोडून इंग्रजी सुरू करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम वाढत नाही. आजी-आजोबा ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतात, त्याच भाषेत मुलाला जास्त संवाद मिळतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

श्रवणचाचणी झाली नसेल तर करून घ्या. न बोलणारं मूल अचानक चिडचिड करू लागलं, डोकं आपटू लागलं, रात्री झोपेना, तर 'ऑटिझममुळेच असेल' असं धरून चालू नका. दात, कान, बद्धकोष्ठता किंवा जळजळ यांचं दुखणं त्याला सांगता येत नसतं. अशा मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाणही जास्त असतं. टक लावून भान हरपणं किंवा झटके दिसले तर जमल्यास मोबाइलवर चित्रित करा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.

'पूर्ण बरं करू' म्हणणाऱ्यांपासून सावध

ऑटिझम मुळापासून घालवणारं औषध नाही. अतिचिडचिड, झोप किंवा फिट यांसाठी औषधं लागू शकतात, ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने द्यावीत. मात्र स्टेम सेलची इंजेक्शनं, शरीरातले धातू काढण्याचे उपचार किंवा हमखास गुणाची हमी यांसाठी दागिने मोडू नका. तोच पैसा कित्येक महिन्यांच्या थेरपीला पुरतो.

हक्काची मदत

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. प्रमाणपत्र असल्यास 'निरामय' या आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, त्यात थेरपीचाही समावेश आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी तुमच्या जिल्हा रुग्णालयात करा; तिथली सेवा मोफत असते. प्रमाणपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसतो असं वाटून ते टाळू नका.

प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे ते किती बोलेल, किती शिकेल हे आज कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. तुलना करायचीच असेल तर शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा. त्यासाठी एक वही ठेवा. आज त्याने पहिल्यांदा बोट दाखवलं, हेही तारखेसह लिहा.

(हा लेख माहितीसाठी आहे. मुलाच्या उपचारांबाबतचे निर्णय बालविकास तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.)