फुलांकडचा मजूर : शिंजीर



शहापूर-मुरबाडकडे जागा घेऊन ज्यांनी बंगले बांधले आहेत, त्यांपैकी काहीजण कौतुकाने सांगतात, ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड येतो.’ पक्षी येतो हे खरे. नाव मात्र चुकते. हमिंगबर्ड हा अमेरिका खंडाचा रहिवासी. त्याच्या सुमारे ३६० जाती आहेत, पण आपल्याकडे एकही नाही. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांची घराणी निराळी, धंदा एकच. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून पितो.

हा धंदा नीट समजून घेण्यासारखा आहे. फूल मध देते ते दान म्हणून नव्हे. ती मजुरी आहे. पक्षी मधासाठी चोच घालतो, कपाळाला पराग लागतो, तो पुढच्या फुलाला पोचतो. एका फुलात मध थोडाच असतो, म्हणून त्याला फुलामागून फूल हिंडावे लागते. कधी तो लांब नळीच्या फुलाला बुडाशी भोक पाडून काम न करताच मजुरी उचलतो, हेही सांगितले पाहिजे! आंब्यावरच्या बांडगुळाची पिकलेली कळी त्याच्या चोचीचा दाब पडताच फटकन उघडते. कोकणातल्या बांडगुळाचा आणि या पक्ष्यांचा हा संबंध सालिम अली यांनी १९३१ साली लेख लिहून मांडला होता.

वजन दहा ग्रॅमच्या आत, चोच बाकदार. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत काळानिळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाशी पिवळी. विणीचा हंगाम सरला की नरही जवळजवळ मादीसारखा दिसतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी तेवढी राहते. माळशेजकडच्या रानात तांबड्या गळ्याचा एक शिंजीर आढळतो. त्याचे घर म्हणजे आपला सह्याद्रीच.

आता त्याला बागेत आणायचा कसा? अमेरिकेत साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी लवकर आंबते, मुंग्या लागतात. शिवाय पिल्लांचे पोषण साखरेवर होत नाही. त्यांना किडे आणि कोळी लागतात. म्हणून औषध फवारून किडा नाहीसा केलेल्या बागेत फुले कितीही असोत, शिंजिराचा संसार चालत नाही.

त्याचे घरटे पाहा. गवत, सालीचे तुकडे, वाळका पाला कोळिष्टकाने बांधून केलेली लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. बांधणारी मादीच, अंडी उबवणारीही तीच. कुंपणातल्या कोपऱ्यातली कोळिष्टके झाडून टाकली, तर या बांधकामाचा चुनाच गेला.

तेव्हा हिरवळीचा गालिचा कमी करा. एकेरी पाकळ्यांची जास्वंद लावा, परसात केळ आणि शेवगा ठेवा, बांधाला धायटी आणि पांगारा राहू द्या. पळस, काटेसावर आणि पांगारा माघ-फाल्गुनात रानभर फुलतात. त्याच सुमारास याची वीण सुरू होते. प्लॉट पाडताना पहिली कुऱ्हाड बहुधा याच झाडांवर पडते, कारण त्यांच्या लाकडाला भाव नाही. पण ज्याच्या लाकडाला भाव नाही, त्याच्या फुलावर किती पोटे चालतात याचा हिशेब कोणी मांडत नाही. झाड तोडणे म्हणजे या मजुराचा कारखाना बंद करणे. नोटीस नाही, भरपाई नाही.

आणखी एक. नर आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेला वैरी समजून तासन्‌तास चोची मारतो. विणीच्या दिवसांत दाराशी उभ्या मोटरसायकलच्या आरशावर फडके टाकावे. तेवढीच त्याची ताकद पिल्लांच्या कामी येईल.

पाहायचे असेल तर सकाळी फुललेल्या पांगाऱ्यापासून दहा पावलांवर गप्प बसा. आधी ‘च्विट्‌ च्विट्‌’ ऐकू येईल, मग काळानिळा ठिपका दिसेल. तिकीट लागत नाही. झाड मात्र उभे असायला हवे.